तारखांची चिठ्ठी

इन्व्हरलाथच्या वाचनालयात एकतीस वर्षं
हा शिक्का माझ्या हातात आहे.
शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत तारीख उमटवायची,
शाई वाळेपर्यंत हवापाण्याचं बोलायचं.
सगळ्या कादंबऱ्या वाचल्यात असं नाही.
चिठ्ठ्या मात्र वाचल्यात.

होरेशियो बेलफ्रेज यांची बघा.
एकीवर एक तीन डकवलेल्या, डिंकाने फुगलेल्या.
एकोणीसशे सहा साली तारखांना
श्वास घ्यायला जागा नाही:
मंगळवारी परत, मंगळवारीच पुन्हा बाहेर.
धक्क्यावर हेरिंग चिरणाऱ्या पोरी
आठजणींत एक प्रत नेत.
एक मोठ्याने वाचे, बाकीच्यांचे हात आतड्यांत.
पान दोनशे चौदावर एक खवला आहे अजून,
नखाएवढा, पारदर्शक.
त्याच्याखालचं अक्षर जरा मोठं दिसतं.

मग युद्ध. मग दुसरं.
तारखा विरळ होत गेल्या
म्हाताऱ्याच्या दातांसारख्या.
अठ्ठावन्न. एकाहत्तर.
एकोणनव्वदमध्ये कुणी नेलं,
परत आलं तेव्हा बसचं तिकीट आत होतं,
पान नववर.

चौकात पुतळा आहे त्यांचा, डोक्यावर समुद्रपक्षी.
पोरं म्हणतात, भेटू टोपीवाल्यापाशी.
कुठला टोपीवाला, कशासाठी उभा केलाय,
कुणी विचारत नाही.

त्यांच्याच फळीवर, खांद्याला खांदा लावून,
युफेमिया बेलशॉ. दीपगृहाच्या कोठीवाल्याची मुलगी.
एकच कादंबरी, एकच प्रत.
चिठ्ठीवर एक तारीख, एकोणीसशे तेरा,
आणि नेणारा तिचा सख्खा भाऊ.

नियम असा, की दहा वर्षं शिक्का नाही
तर पुस्तक खोक्यात, खोकं गाडीत,
गाडी लगद्याच्या गिरणीला.
माझ्या आधी कुणी वाचवलं तिला, ठाऊक नाही.
मी दर नवव्या वर्षी
सगळे गेल्यावर, दिवा मालवण्याआधी,
तिच्यावर एक तारीख ठोकत आले.
खोटं बोलले नाही. तारीख खरीच होती.

मग एडिंबराहून मॉर्वेन गिलफेदर आली,
ओला कोट, सुती हातमोजे,
आणि पहिलं पान उघडताना
तिचा खालचा ओठ थरथरला.
दोन वर्षांत नवी आवृत्ती.
मुखपृष्ठावर पाठमोरी बाई
(हल्ली सगळ्याच पाठमोऱ्या असतात).
रेडिओवर तासभर चर्चा.
चहाच्या मगांवर बेलशॉबाईंचं वाक्य,
जे पुस्तकात एक लबाड वकील म्हणतो,
पण असो.

आमची प्रत आता काचेच्या पेटीत.
पहिल्या पानावर उघडी, कायमची.
किल्ली नगरपालिकेत.
शंभर वर्षं कुणी नेली नाही,
आता कुणाला नेता येत नाही.
मी कधीमधी काचेवरची बोटं पुसते.

आज शुक्रवार. माझा शेवटचा.
दाराशी खोकं भरून ठेवलंय:
बेलफ्रेज, सात खंड.
स्पष्टच सांगते, मला तो माणूस आवडत नाही.
त्याच्या नायिका दर तिसऱ्या पानावर मूर्च्छित पडतात,
नोकर विनोदी, परमुलखातले लोक नुसतेच सावळे,
आणि वाक्यं भिजलेल्या लोकरीसारखी,
उचलली तर गुडघ्यापर्यंत लोंबतात.
युफेमियासाठी मी नियम वाकवला
तेव्हा वाटायचं, मला पारख आहे.
कसली पारख!
तिची शेवटची पन्नास पानं मीही चाळलीच होती.

खोक्यातून तिसरा खंड काढला.
खवला जागेवर आहे.
आठजणींपैकी कुणाचा, कोण जाणे.
चिठ्ठीत तळाशी एक चौकट रिकामी,
तीत माझ्या नावावर तारीख उमटवली.
शाई जरा जास्त झाली, फुंकर घातली.

बाकीचे सहा गाडीत गेले.

तीन आठवड्यांनी परत करायला यायचंय,
काउंटरच्या पलीकडच्या बाजूने.
नवा मुलगा विचारेल, कसं होतं?
काहीतरी सांगावं लागेल.
म्हणजे वाचावं लागेल.